नवख्यांसाठी लिनक्सचं डाउनलोड पान: बटण एक ठेवावं की दहा?

राजेंद्रनगरवाला · शनिवार, सकाळी ८.४०

नमस्कार मंडळी.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून इंदूरला आमच्या मंडळाच्या वाचनालयात येणाऱ्यांचं एकच गाऱ्हाणं आहे: मशीन ठणठणीत आहे, पण विंडोज ११ चढत नाही. चढणार कसं? त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं, इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१५-१६ चे लॅपटॉप त्यात बसत नाहीत. विकायला जावं तर हातावर जे टेकवतात त्यात महिन्याचे पोहेसुद्धा येणार नाहीत.

अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त, फुकट प्रणाली चालते. म्हणून मंडळाच्या संकेतस्थळावर ‘जुन्या संगणकावर लिनक्स’ असं एक मराठी पान करतोय. ओळख, चित्रं, छापून घ्यायची पुस्तिका, सगळं तयार आहे. गाडी अडलीय ती डाउनलोडच्या परिच्छेदाशी. सध्याचा मसुदा:

> ‘डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा यांपैकी आवडेल ते घ्या. प्रत्येकात निरनिराळे डेस्कटॉप मिळतात. आपल्या आर्किटेक्चरप्रमाणे आयएसओ निवडा. जवळचा मिरर किंवा टॉरेंट वापरा. चेकसम तपासायला विसरू नका.’

भाच्याला वाचायला दिलं. तो म्हणाला, मामा, यातलं ‘विसरू नका’ तेवढं समजलं.

माझा कल एकाच बटणाकडे आहे. मिंट (लिनक्सचं एक तयार रूप, म्हणजे वितरण), त्याचा सिनॅमन डेस्कटॉप, ६४ बिट, बस. बाकीचं खाली ‘इतर पर्याय’ मध्ये. कुणाचं वेगळं मत असेल तर मोकळेपणानं सांगा.

जीरावण · शनिवार, सकाळी ९.०५

+१ भिया. एकच बटण.

पाहुण्याला रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत नेलं की अपण त्याच्या हातात आधी भुट्ट्याचा किस देतो, ठेल्यांची यादी नाही देत. पोट भरलं की तो स्वतःच विचारतो, पुढे काय आहे म्हणून.

डेबियनभक्त · शनिवार, सकाळी ९.५०

असहमत. पाहुण्याला किस देण्याआधी त्याला दूध चालतं का, हे विचारता की नाही?

एक बटण ठेवलं की दोन जीबी रॅमवाला तेच दाबणार, ब्रॉडकॉमचं वाय-फाय कार्ड असलेला तेच दाबणार, आणि ज्याच्याकडे खरोखर ३२ बिटांचं मशीन आहे तोही तेच दाबणार. मग मशीन रडतखडत चालेल किंवा चालणारच नाही, आणि लोक म्हणतील, लिनक्स असंच असतं. निवड करायला मिळणं हा मुक्त सॉफ्टवेअरचा गाभा आहे. लोकांना अडाणी समजून त्यांच्यापासून पर्याय लपवणं मला पटत नाही. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीचं डाउनलोड पान पाहा: प्रोसेसरचे प्रकार आणि त्यांच्यासमोर दुवे. काहीही लपवलेलं नाही.

जीरावण · शनिवार, सकाळी ९.५८

दादा, फ्रीबीएसडीचं पान उघडून आत्याला दाखवलं. ती म्हणाली, रेल्वेचं टाइमटेबल आहे का? त्यातून आत शिरलं की बूटओन्ली, डिस्क१, डीव्हीडी१, मेमस्टिक, मिनी-मेमस्टिक. यातलं काय घ्यायचं हे ज्याला आधीच माहीत आहे त्याला पानाची गरजच काय, तो थेट फाईलींच्या एफटीपी सर्व्हरवर जाईल.

सुदामानगरची_काकू · शनिवार, सकाळी ११.२०

मी इथे नेहमी फक्त वाचते. पण हा विषय माझ्या अंगावरून गेलेला आहे, म्हणून लिहिते. वय ६३, बँकेतून निवृत्त, संगणकाची भीती अजिबात नाही. कोअर बँकिंग आलं तेव्हा शाखेत पहिली शिकलेली मीच.

मागच्या वर्षी एका मोठ्या वितरणाच्या अधिकृत पानावर गेले. तिथे एएमडी६४, एआरएम६४, आय३८६ असं ओळीनं लिहिलेलं. माझ्या लॅपटॉपवर इंटेलचा निळा स्टिकर. एएमडी ही दुसरी कंपनी, हे मला ठाऊक, कारण मुलाच्या मशीनवर तो स्टिकर आहे. तेव्हा एएमडी आपलं नव्हे, हे नक्की. एआरएम कधी ऐकलेलं नव्हतं. राहता राहिलं आय३८६. ‘आय’ म्हणजे इंटेल, माझ्याकडे कोअर आय३ आहे, म्हणजे हेच. सांगा, यात माझं तर्कशास्त्र कुठे चुकलं?

गंमत म्हणजे ते चढलं, व्यवस्थित चाललं. दोन महिन्यांनी क्रोम घालायला गेले तर घेईना. वरच्या मजल्यावरच्या मुलानं पाहिलं आणि म्हणाला, काकू, तुम्ही ६४ बिटांच्या मशीनवर ३२ बिटांचं घातलंय, क्रोमनं लिनक्सवरचं ३२ बिट २०१६ सालीच बंद केलंय. मग सगळं पुसून पहिल्यापासून.

माझं म्हणणं एवढंच. पर्याय किती आहेत यानं मला त्रास झाला नाही. त्यातला माझा कुठला हे ओळखायला पानावर काहीच नव्हतं, यानं झाला.

टिळकनगर · शनिवार, सकाळी ११.३१

काकू, _/\_ . शेवटची ओळ फ्रेम करून लावण्यासारखी.

डेबियनभक्त · शनिवार, दुपारी १२.१५

काकू, तुमच्या तर्कात काहीही चुकलं नाही. ६४ बिटांची ही रचना आधी एएमडीनं मांडली, २००३ साली त्यांच्या ऑप्टेरॉन प्रोसेसरातून ती बाजारात आली, पुढच्या वर्षी इंटेलनंही तीच उचलली. ज्यानं आधी केलं त्याचं नाव फाईलला चिकटलं, ते आजतागायत. आय३८६ हे १९८५ च्या इंटेल ८०३८६ वरून. म्हणजे आजचा इंटेलचा कुठलाही लॅपटॉप एएमडी६४ च घेतो. हे जाणणाऱ्याला इतकं सवयीचं झालेलं असतं की पानावर लिहावं असं वाटतच नाही.

आता आय३८६ चा प्रश्न निम्मा आपोआप सुटला आहे. उबुंटूनं डेस्कटॉपची ३२ बिट आयएसओ (इन्स्टॉल करायला उतरवायची फाईल) १७.१० पासूनच काढून टाकली, आणि डेबियन १३ मध्ये आय३८६ साठी इन्स्टॉलरच नाही. एएमडी६४ आणि एआरएम६४ चा घोळ मात्र राहणार, कारण एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचे लॅपटॉप आता दुकानात दिसू लागले आहेत.

एक गोष्ट मान्य करतो. डेबियनमध्ये कित्येक वर्षं अधिकृत आयएसओत मुक्त नसलेलं फर्मवेअर (वाय-फाय कार्डासारख्या भागांना चालायला लागणारं सॉफ्टवेअर) नसायचं. तत्त्व म्हणून बरोबर, पण नवख्याचं वाय-फाय चालायचं नाही. फर्मवेअर घातलेली आयएसओ वेगळी असायची, ‘अनधिकृत’ अशा शिक्क्यासह, आणि ती मुख्य बटणाखाली मिळत नसे. २०२२ साली डेबियनच्या विकासकांनी यावर रीतसर मतदान केलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर अधिकृत आयएसओतच आलं. इतकी वर्षं लोक डाउनलोडच्या पानाला नावं ठेवत होते, पण अडचण पानाची नव्हती. आत काय भरायचं याचा निर्णय झाला तेव्हा पान आपोआप सोपं झालं.

राजेंद्रनगरवाला · शनिवार, दुपारी १.०२

भक्तसाहेब, हा शेवटचा मुद्दा मोलाचा आहे. आमच्या हातात मात्र आत काय भरायचं हे नाही, फक्त पान आहे.

काकूंचं वाचून एक सुचलं. पर्यायांच्या आधी ‘तुमचं मशीन कसं ओळखाल’ हे द्यायचं. विंडोज चालू असतानाच सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे गेलं की ‘सिस्टिम टाइप’ अशी ओळ दिसते. तीच पाहायला सांगायची.

ग्वाल्हेरकर · शनिवार, दुपारी २.४०

त्या ओळीचा दुसरा भाग वाचायला सांगा, पहिला नव्हे. ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ असं असलेली पुष्कळ मशीनं माझ्याकडे येतात. रॅम कमी म्हणून विकणाऱ्यानं विंडोजच ३२ बिट घातलेलं असतं. प्रोसेसर ६४ चा आहे, तेव्हा ६४ चंच लिनक्स घ्यायचं. पहिला भाग वाचणारा फसतो.

माझं ग्वाल्हेरच्या लष्कर भागात संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. बटण एक की दहा यावर तुम्ही भांडताय, पण माझ्याकडे जे येतात त्यांचं घोडं बटणापाशी अडलेलं नसतं. त्यांनी काहीतरी दाबलेलं असतं, फाईल उतरलेली असते. पुढे काय, हे त्यांना माहीत नसतं.

सर्वांत आधी, निम्मे लोक लिंक फोनवर उघडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलेली असते, दाबलं की डाउनलोड सुरू. दिवसाचा दीड-दोन जीबीचा पॅक, उबुंटूची आयएसओ सहा जीबीच्या आसपास. पॅक संपतो, फाईल अर्धी राहते, आणि पूर्ण उतरली तरी ती फोनच्या पोटात. पानानं फोन ओळखावा आणि सरळ सांगावं: हे संगणकावर उघडा. आकडा बटणावरच लिहा. किती जीबी, हा आपल्याकडे पैशाचा प्रश्न आहे.

मग संगणकावर उतरवली, तर त्यावर दोनदा क्लिक करतात. ज्यांच्याकडे विनरार आहे त्यांना आयएसओवर पुस्तकांच्या गठ्ठ्याचं चिन्ह दिसतं, म्हणजे झिपसारखं काहीतरी, म्हणून ते ‘एक्स्ट्रॅक्ट’ करतात. ज्यांच्याकडे नाही त्यांचं विंडोज ती डीव्हीडीसारखी उघडून दाखवतं. आत सेटअप डॉट ईएक्सई शोधतात. नसतेच. ‘भाऊ, फाईल करप्ट आहे.’ करप्ट काही नसतं.

त्यातले हुशार असतात ते फाईल पेनड्राइव्हवर कॉपी करतात. इथे मोठी मजा आहे. पेनड्राइव्ह बहुतेक एफएटी३२ असतो, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाईल मावत नाही. उबुंटू असेल तर विंडोज तिथेच अडवतं, ‘फाईल फार मोठी आहे’ म्हणतं. आणि हा माणूस सुटतो, कारण तो निदान विचारायला येतो. मिंटची आयएसओ ३ जीबीच्या आत-बाहेर, ती निमूट कॉपी होते. तो मशीन बंद करून चालू करतो, पेनड्राइव्हवरून सुरू व्हावं म्हणून एफ१२ दाबतो, काही होत नाही. चार दिवस जातात. आयएसओ कॉपी करायची नसते, रुफस किंवा एचरसारख्या प्रोग्रॅमनं पेनड्राइव्हवर लिहायची असते, हे वाक्य डाउनलोडच्या बटणाला चिकटून असायला हवं. बहुतेक ठिकाणी ते ‘डॉक्युमेंटेशन’ नावाच्या वेगळ्या दारामागे असतं. त्या दारानं नवखा जात नाही.

आणि एक जागा सगळे फुकट घालवतात. बटण दाबलं की पुढचं पान येतं: ‘धन्यवाद, डाउनलोड सुरू झालं आहे.’ बाकी कोरं, नाहीतर देणगीचं आवाहन. अहो, ३ जीबी उतरायला साध्या कनेक्शनवर पंधरा-वीस मिनिटं तरी जातात. तेवढा वेळ माणूस पट्टीकडे बघत बसलेला असतो, हातात दुसरं काम नसतं. याहून चांगला वाचक तुम्हाला पुन्हा मिळणार नाही. पेनड्राइव्ह कसा करायचा, कुठली की दाबायची, हे सगळं तिथे लिहा.

नव्या लॅपटॉपवर अजून एक. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल आणि बायोसमध्ये बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होण्याच्या, सेटिंग्ज बदलल्या, तर विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून कागदावर लिहून ठेवायची. हे न केलेला गिऱ्हाईक माझ्याकडे रडकुंडीला येऊन बसलेला असतो, आणि मी काहीही करू शकत नाही.

जीरावण · शनिवार, दुपारी २.५५

दंडवत. मी संपूर्ण प्रतिसाद प्रिंट काढतोय.

टिळकनगर · शनिवार, दुपारी ३.३०

ग्वाल्हेरकर, तुमचा मुद्दा पुढे नेतो. मग फाईल द्यायचीच कशाला? रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाच्या कंपनीनं २०२० साली इमेजर काढला. छोटा प्रोग्रॅम उतरवायचा, तो तीन गोष्टी विचारतो: कुठला पाय, कुठली सिस्टिम, कुठलं कार्ड. मग स्वतःच उतरवतो, लिहितो आणि बरोबर लिहिलं का तेही तपासतो. फेडोराचा मीडिया रायटरही तसाच. आयएसओ हा प्रकारच वापरणाऱ्याच्या नजरेस पडत नाही.

डेबियनभक्त · शनिवार, दुपारी ४.१०

फेडोराचं उदाहरण चांगलं आहे. पण तिथेही वर्कस्टेशन, केडीई, सर्व्हर, आयओटी, कोअरओएस अशी पाटी आधी वाचावीच लागते.

मंडळाच्या पानावर चेकसमचं, म्हणजे उतरलेली फाईल मूळ फाईलसारखीच आहे का हे पडताळायच्या आकड्याचं, काय करणार आहात? तो परिच्छेद काढून टाकू नका, ही विनंती. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात घुसून कुणीतरी १७.३ सिनॅमनच्या आयएसओचा दुवा बदलला होता. त्या दिवशी अधिकृत पानावरून, अधिकृत बटण दाबून लोकांनी घुसखोराला मागचं दार उघडं ठेवणारी आयएसओ उतरवली. तुम्ही जे वितरण सुचवताय त्याचीच गोष्ट आहे.

राजेंद्रनगरवाला · शनिवार, दुपारी ४.२५

घटना माहीत आहे, आणि मिंटवाल्यांनी ती लगेच जाहीरपणे सांगितली हेही. पण एसएचए-२५६ या प्रकारचा चेकसम म्हणजे ६४ अक्षरांची माळ. ती नवख्यानं डोळ्यांनी जुळवायची? पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं बघा, असं लिहिलं तर?

डेबियनभक्त · शनिवार, दुपारी ४.४४

फाईल अर्धवट किंवा खराब उतरली का, हे कळायला तेवढं पुरेल. मुद्दाम बदललेली आहे का, हे कळण्यासाठी प्रश्न अक्षरांच्या संख्येचा नाही. ज्यानं पान ताब्यात घेतलं तो फाईलसोबत पानावरचा आकडाही बदलेल. आणि मग तुम्ही चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळवलीत तरी ती जुळतील. म्हणून खरी तपासणी वितरणाच्या डिजिटल सहीची, जीपीजी या प्रोग्रॅमनं करायची. ती नवख्याला जमणार नाही हे मी स्वतःच मान्य करतो.

मधला मार्ग आहे. आयएसओ मंडळाच्या सर्व्हरवर ठेवू नका, दुवा अधिकृत जागेचाच द्या. पण एसएचए-२५६ चा आकडा तुम्ही स्वतः सही तपासून घ्या आणि मंडळाच्या पानावर ठेवा. म्हणजे फाईल एका ठिकाणची आणि साक्षीदार दुसऱ्या ठिकाणचा. दोन्ही एकाच वेळी बदलणं चोराला अवघड जाईल. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासून असते, वेगळा प्रोग्रॅम लागत नाही.

ग्वाल्हेरकर · शनिवार, संध्याकाळी ५.१०

चांगली कल्पना, पण मग नवी आवृत्ती आली की आकडा बदलायला कोण बसणार? मंडळांची संकेतस्थळं मी पाहिली आहेत. गणेशोत्सवाची दोन वर्षांपूर्वीची पत्रिका अजून मुखपृष्ठावर फडकत असते.

राजेंद्रनगरवाला · शनिवार, संध्याकाळी ५.१८

:) हे वर्मावर बसलं. आकड्याशेजारी ‘शेवटचं तपासलं’ म्हणून तारीख टाकतो. तारीख जुनी दिसली तर आकडा नाही जुळला म्हणून घाबरू नका, आम्हाला कळवा, असंही.

रच्याकने (बाय द वे), याच कारणासाठी उबुंटू द्यायचं तर फक्त एलटीएस, म्हणजे दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती. मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने पाठिंबा असतो. आमच्या मंडळाच्या वेगानं पान बदलेपर्यंत ती आवृत्ती निकालात निघालेली असेल.

बडोदेकर · शनिवार, रात्री ८.०५

बडोद्याहून लिहितोय. मला दिसत नाही, मी एनव्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मदतीनं संगणक वापरतो.

आम्ही पान वरून खाली ‘बघत’ नाही, बरेचदा दुव्यांची यादी उघडतो आणि बाणानं फिरतो. डाउनलोडच्या पानांवर मला काय ऐकू येतं माहीत आहे? ‘डाउनलोड. डाउनलोड. डाउनलोड. इथे क्लिक करा. डाउनलोड.’ तुमच्या डोळ्यांना प्रत्येक बटणाच्या वरचं चित्र आणि मथळा दिसतो, माझ्या यादीत फक्त बटणाचा शब्द येतो. कृपा करून दुव्यातच पूर्ण लिहा: ‘मिंट सिनॅमन ६४ बिट उतरवा, ३ जीबी’. डोळस माणसाचंही यात काही बिघडत नाही. आणि चेकसम चित्र म्हणून टाकू नका, असाही एक नमुना मी अनुभवलेला आहे.

अजून एक. डेबियनच्या आयएसओतून मशीन सुरू केलं की बूटच्या यादीपाशी बीप वाजतो, तेव्हा ‘एस’ आणि एंटर दाबलं तर सगळं इन्स्टॉलेशन बोलून होतं. मी कुणाच्याही मदतीशिवाय केलेलं आहे. ही सोय असल्याचं मला स्थापना-पुस्तिकेत कळलं, तेही शोधल्यावर. एक ओळ पुरेल, पण ती निवडीच्या आधी हवी, कारण आमच्यासाठी कुठलं वितरण घ्यायचं हे त्या ओळीवरच ठरतं.

डेबियनभक्त · शनिवार, रात्री ८.२०

बडोदेकर, धन्यवाद. तर मग धागाकर्त्यांनी मिंटच्या बटणाखाली डेबियनलाही जागा द्यावी, असं मी अत्यंत निःपक्षपातीपणे सुचवतो.

जीरावण · शनिवार, रात्री ८.२२

आली का गाडी रुळावर :D

सुदामानगरची_काकू · रविवार, सकाळी ७.३०

टॉरेंटबद्दल कुणी बोललंच नाही. माझ्या मते तो शब्द पहिल्या पानावर नकोच. आमच्या पिढीत टॉरेंट म्हणजे चोरीचे सिनेमे. अधिकृत पानावर तो शब्द दिसला तेव्हा मी पत्ता पुन्हा वाचला, चुकीच्या साइटवर तर नाही ना आले म्हणून.

जीरावण · रविवार, सकाळी ९.४५

काकू, बरोबर. पण टॉरेंटचा फायदाही आहे हो. मधेच लाइट गेली तर तिथूनच पुढे सुरू होतं, आणि तुकड्या-तुकड्यानं तपासणी आपोआप होते. ‘इतर पर्याय’ मध्ये ठेवू, एका ओळीच्या खुलाशासकट.

टिळकनगर · रविवार, सकाळी १०.१०

‘फुकट आहे’ हेही ठळक लिहा. एका वितरणाच्या पानावर बटणाच्या जागी रकमा आहेत. रकान्यात शून्य भरलं तरी उतरतं, पण हे तिथे लिहिलेलं दिसत नाही. माझ्या शेजाऱ्यांनी पैसे मागतायत समजून खिडकी बंद केली. आणि शोधून जायला सांगूच नका, पूर्ण पत्ता द्या. शोधलं की वरती जाहिरातीच येतात आणि त्यांची हिरवी बटणं खऱ्यापेक्षा मोठी असतात.

राजेंद्रनगरवाला · रविवार, सकाळी ११.५०

रात्री बसून पुन्हा लिहिलं. बघा:

> ‘हे पान संगणकावर उघडा, फोनवर नको.
> विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे जा. ‘सिस्टिम टाइप’ च्या ओळीत शेवटी एक्स६४ दिसतंय, आणि रॅम ४ जीबी किंवा जास्त आहे? मग तुमच्यासाठी हे: लिनक्स मिंट सिनॅमन उतरवा. साधारण ३ जीबी. पूर्ण फुकट. प्रोसेसर इंटेलचा असो की एएमडीचा, हीच फाईल.
> रॅम २ जीबी किंवा जास्त, पण ४ पेक्षा कमी आहे? लिनक्स मिंट एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) उतरवा. साधारण ३ जीबी. पूर्ण फुकट.
> एक्स६४ दिसत नाही, किंवा रॅम याहून कमी आहे? काही उतरवू नका. रविवारी वाचनालयात मशीन घेऊन या.
> दिसत नसल्यास किंवा कमी दिसत असल्यास: डेबियनचं इन्स्टॉलेशन बोलून करता येतं, त्याची कृती व दुवा इथे.
> इतर सर्व वितरणं, टॉरेंट, सह्या आणि चेकसम: पुढच्या पानावर.’

बटण दाबल्यावर येणारं पान ग्वाल्हेरकरांच्या प्रतिसादावरून बेतलंय: फाईल उघडू नका, कॉपी करू नका, रुफसनं पेनड्राइव्हवर लिहा, बिटलॉकरची की आधी उतरवून ठेवा, कुठल्या कंपनीच्या लॅपटॉपला कुठली की. एसएचए-२५६ चा आकडा, तपासायची आज्ञा आणि तारीख तिथेच शेवटी.

डेबियनभक्त · रविवार, दुपारी १२.३०

दोन बटणं झाली. तुम्ही एकावरून दोनावर आलात, मी दहावरून दोनावर आलो. चालेल. फक्त ‘पुढच्या पानावर’ हा दुवा बारीक राखाडी अक्षरांत करू नका. ज्याला हवं त्याला सापडलं पाहिजे.

ग्वाल्हेरकर · रविवार, दुपारी १.१५

उत्तम. ‘काही उतरवू नका, मशीन घेऊन या’ हे मला सर्वांत आवडलं. असं म्हणणारं डाउनलोडचं पान मी अजून पाहिलेलं नाही.

सुदामानगरची_काकू · रविवार, दुपारी ४.०५

आता सगळं समजलं. दुसरा लॅपटॉप आहे यजमानांचा, त्यावर या पानावरूनच करून बघते, म्हणजे तुमची परीक्षाही होईल. घरात ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आहे, नातवाच्या मुंजीचे फोटो आहेत त्यात, पण निम्म्याहून जास्त जागा रिकामी आहे. तेवढी पुरेल ना?

ग्वाल्हेरकर · रविवार, दुपारी ४.०७

काकू थांबा!! रुफस पेनड्राइव्हवरचं सगळं पुसतं, रिकामी जागा कितीही असो. फोटो आधी दुसरीकडे काढून घ्या, उघडून बघा, मगच.

राजेंद्रनगरवाला · रविवार, दुपारी ४.१२

काकू, दुसरा कोरा पेनड्राइव्ह वाचनालयातून घेऊन जा, आहेत आमच्याकडे. मुंजीचा तसाच राहू द्या.

ही ओळ पहिल्या पानावर टाकतोय, दोन्ही बटणांच्या वर: ‘८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह लागेल. त्यात आधी असलेलं सगळं पुसलं जाईल.’